पाणी तपासले, गोडे

परवा जावयाने पेपर माझ्यापुढे सरकवला. 'साइट सुपरिंटेंडेंट पाहिजे' अशी जाहिरात होती आणि त्याच्या कुणा मित्राला अर्ज करायचा होता. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर हेच केलंत. अर्जात काय काय लिहावं, सांगा की." मी चष्मा लावून वाचलं. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री. नकाशे वाचता यावेत. माल, मजूर आणि वेळ यांचं नियोजन जमावं. सुरक्षेची जाण असावी. बोलणं-लिहिणं उत्तम असावं. मी पेपरची घडी घालून परत दिला. म्हटलं, "लिहायचं ते लिहा बाबा, मला कशाला विचारताय?" जावई हिरमुसला. त्याची काही चूक नव्हती. माझं डोकं एका जुन्या गोष्टीवरून अजून फिरतं, त्याला तो बिचारा काय करणार.

सुपरिंटेंडेंट म्हणजे साइटवरचा धनी असं लोकांना वाटतं. कसला धनी? धनी पेणला पंख्याखाली बसतो. सरकारी साहेब महिन्यातून एकदा जीपने येतो, चहा पितो, सही करतो आणि जातो. मिस्त्री म्हणतो उद्या, सेंटरिंगवाला म्हणतो परवा, आणि सिमेंटचा ट्रक वडखळला अडकलेला असतो. ह्या सगळ्यांच्या मधे जो उभा असतो आणि ज्याला सगळे शिव्या घालतात, तो सुपरिंटेंडेंट. सकाळी सातला त्याने रेती तळहातावर चोळून बघायची, माती निघाली तर ट्रक परत धाडायचा. सळईतलं अंतर मोजायचं, खांबाला ओळंबा लावायचा. जो पिऊन आलाय त्याला परांचीवर चढू द्यायचं नाही. आणि संध्याकाळी सगळं रजिस्टरात लिहायचं. जे लिहिलं ते झालं, जे नाही लिहिलं ते झालंच नाही. हे सगळं मला येत होतं. डिप्लोमाचं सोडा, मी अकरावी नापास.

मी पेणच्या खारेपाटातला, खाडीकाठचा. बाप मिठागरावर राबला. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं आणि ते कितपत पिकलंय हे बोट बुडवून, जिभेला लावून सांगायचं. बाप "झालं" म्हणाला की झालं. त्याच्या जिभेला अख्खं मिठागर मानायचं, आणि ती जीभ मला वारशाने मिळालीय असं मला लहानपणापासून वाटायचं.

अकरावीला आपटलो आणि रोह्याला गेलो. तिथे तेव्हा कारखान्यांची बांधकामं जोरात चालली होती. आधी बिगारी म्हणून घमेली उचलली, मग मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहिली. एका म्हाताऱ्या फोरमनने दुपारच्या सुट्टीत नकाशा वाचायला शिकवला. बारा वर्षं तिथे काढली. शेवटी पेणच्या एका ठेकेदाराने, त्याला सगळे शेठच म्हणायचे, मला बोलावलं आणि म्हणाला, "शाळेचं काम मिळालंय. तुझ्याच गावात. संभाळशील?" माझी छाती फुगली. शेठने पत्र्याचा बोर्डसुद्धा करून घेतला. तो हमरापूरच्या एका गणपती रंगवणाऱ्याने रंगवला होता, म्हणून 'साइट सुपरिंटेंडेंट' ही अक्षरं गुलाबी, त्यांना सोनेरी कड. खाली माझं नाव. गावात शिरताना बोर्ड दिसला की वाटायचं, इथे आता आरती होणार.

शाळा दोन खोल्यांची, पुढे पडवी, बारा खांब, वर स्लॅब. जुनी कौलारू शाळा गावानेच श्रमदानाने उतरवली होती आणि पोरं मारुतीच्या देवळात बसत होती. पावसाळ्याआधी स्लॅब पडला नाही तर आणखी एक वर्ष देवळात, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या चुलत्याची तीन नातवंडं त्यातच होती. चुलता गेलेला, घरात काकी. मी दुपारी तिच्याकडे जेवायचो.

पाया दिवाळीनंतर भरला. कामाला पाणी गावच्या तळ्याचं, आणि तेव्हा तळं पावसाच्या पाण्याने काठोकाठ होतं, सगळं ठीक झालं. माघात खांब भरायची वेळ आली तेव्हा तळं निम्म्यावर उतरलं होतं. सरकारी साहेब त्या महिन्याच्या फेरीला आला होता. जीपजवळ उभ्या उभ्या त्याने विचारलं, "पाण्याचा नवा रिपोर्ट आहे का?" रिपोर्ट म्हणजे बाटली भरून अलिबागला पाठवा आणि तीन आठवडे वाट बघा. मी म्हटलं, "साहेब, मी खारेपाटातला माणूस. मला खारं पाणी दुसऱ्याने ओळखून द्यायचं?" आणि सगळ्यांसमोर तळ्यावर जाऊन ओंजळभर प्यायलो. पाणी गोडं होतं. अगदी लहानपणी प्यायचो तसं. साहेब हसला आणि त्याने सही केली. तळ्यापर्यंत यायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. संध्याकाळी मी रजिस्टरात लिहिलं, "पाणी तपासले. गोडे." आणि खाली झोकदार सही ठोकली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, त्यातला प्रकार. पण तेव्हा मला सांगणार कोण?

मजुरांची टोळी निडीच्या बाजूची होती. ती भातशेतीवाली, वालपावट्याची माणसं. शेतीची कामं संपली की बांधकामावर यायची. त्यांचं रांधायला एक म्हातारी होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. खांबांचं काम सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, ह्या पान्यात वाल शिजत नाय. सकाळपासून रटरटतायत, अजून दगड हायत."

मी म्हटलं, "वाल जुने असतील."

"माज्या शेतातले हायत. औंदाचे."

"मग जाळ कमी पडत असेल."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. म्हणे चहात दूध घातलं की फाटतं. मी चिडलो. मला खांबांचे साचे बघायचे होते, कंत्राट चहाचं नव्हतं. म्हटलं, "मावशी, गाव हेच पाणी पितंय शंभर वर्षं. तुमच्याच जिभा नाजूक." तिने पदर खोचला आणि निघून गेली. त्यानंतर तिची टोळी आठवड्याला घरी गेली की येताना डब्यांतून प्यायचं पाणी घेऊन यायची. एस.टी.तून पाण्याचे डबे. मी बघायचो आणि मनातल्या मनात हसायचो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ज्या बाईला सही करता येत नव्हती ती पाण्याचा रिपोर्ट घेऊन दोनदा माझ्या दारात आली होती, आणि मी तिला जाळ वाढवायला सांगितलं.

बाराही खांब भरून झाले. वर गोणपाट गुंडाळून त्याच तळ्याचं पाणी मारत होतो. स्लॅबखाली सेंटरिंगच्या फळ्या लागायला सुरुवात झाली, तारीख ठरली, गावाने नारळ आणून ठेवला. मग एके सकाळी गोणपाट सोडलं तर खांबांवर पांढरी भुकटी. लोणा. मी म्हटलं, चुना असेल, नव्या काँक्रीटला येतो कधीकधी. बोटावर घेतली, जिभेला लावली. मीठ होतं. ते मला लगेच कळलं. मिठाची चव कळायला बापाच्या जिभेची गरज नव्हती, ती कुणालाही कळली असती.

त्याच दुपारी तळ्याच्या पाण्याची बाटली भरून मी रोह्याला गेलो. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ओळखीचा केमिस्ट होता. त्याने दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत रोह्याच्या नळाचं पाणी, दुसरीत माझं. दोन्हीत कसलेसे चार थेंब टाकले. नळाचं पाणी किंचित गढुळलं. माझं पाणी ताकासारखं पांढरं झालं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कुठे वापरलंत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सळई गंजणार. आज नाही, पण सात-आठ वर्षांत फुगेल, खांब चिरतील. वर स्लॅब आहे ना?" मी विचारलं, "मग मला ते गोडं कसं लागलं?" तो म्हणाला, "लहानपणी हेच प्यायलात ना? मग तुम्हाला गोडंच लागणार. तळं खाली गेलं की खाडी खालून आत येते. तुमच्या गावच्यांना कळायचं नाही, बाहेरच्याला कळेल."

बारा वर्षं रोह्यात कुंडलिका नदीचं पाणी प्यायलो होतो. तरी जीभ गावचीच राहिली. मिठागरावर बापाची जीभ चालायची, कारण त्याला मीठ किती आहे ते सांगायचं होतं. मला मीठ नाही हे सांगायचं होतं, आणि ते आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. परतीच्या एस.टी.त मला इतका राग आला होता की कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडलो.

केमिस्टकडे मी कागद मागितला होता. तो म्हणाला, "कारखान्याचा कागद मला बाहेरच्या कामाला देता येत नाही, नोकरी जाईल." ठीक आहे. शेठकडे गेलो. सगळं सांगितलं, खांब फोडावे लागतील म्हटलं. शेठ म्हणाला, "तूच चाखलंस ना? रजिस्टरात तूच लिहिलंस ना गोडे? तुझ्या जिभेवर मी बारा खांब उभे केले, आता तीच जीभ म्हणते खारं?" मी म्हटलं, जीभ चुकली. तो म्हणाला, "मग आत्ता कशावरून बरोबर?" सरकारी साहेबाला गाठलं. तो म्हणाला, "लेखी रिपोर्ट आणा, काम थांबवतो. नाहीतर स्लॅबच्या दिवशी मी येतोय." बाटली अलिबागला पाठवली. तीन आठवडे. स्लॅब आठ दिवसांवर. घोडं कुठे पेंड खात होतं ते सगळ्यांना कळत होतं, पण घोड्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

मी साइटवर आलो आणि रजिस्टरात लिहिलं, "पाणी खारे. काम थांबवले." मागच्या पानावर माझीच सही, ह्या पानावर माझीच सही. त्याच संध्याकाळी शेठ आला, वाचलं आणि म्हणाला, "गावाला विचारू. गाव म्हणालं फोडा, तर फोडू. गाव म्हणालं स्लॅब टाका, तर तू उद्यापासून येऊ नकोस." त्याला माहीत होतं गाव काय म्हणणार. मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सभा झाली. पोरांना सुट्टी दिली होती, त्यांच्या पाट्या कोपऱ्यात रचलेल्या. पुरुष आत, बायका पायरीवर. शेठने दोन वाक्यांत सांगितलं आणि बाजूला बसला. मग जे सुरू झालं ते विचारू नका. आधीच खाऱ्या पाण्याचं गाव म्हणून वरच्या अंगाची, गोड्या पाण्याची माणसं इकडे पोरी द्यायला का-कू करतात. आता गावचाच पोरगा देवळात उभा राहून सांगतो की पाणी खारं. एक म्हातारा म्हणाला, "तुज्या आईनं तुला ह्याच पान्यावर वाढवला. तवा नाय खारा लागला?" दुसरा म्हणाला, "कागद हाय काय तुज्याकडं?" मी म्हटलं नाही. "मग कशावरून सांगतस?" मी केमिस्ट सांगितला, पांढरं झालेलं पाणी सांगितलं, मावशीचे वाल सांगितले. लोक हसले. वाल शिजले नाहीत म्हणून शाळा पाडायची, हे ऐकून हसणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो, आणि घडा पालथा मीच घालून ठेवला होता.

मग काकी उठली. ती सभेत कधी बोलायची नाही. तळ्यावरून येताना हंडा तिने पायरीवरच ठेवला होता, त्यातून पितळेचा पेला भरला आणि आत येऊन माझ्या हातात दिला. म्हणाली, "पी. आणि सांग सगल्यांना, खारा हाय काय गोडा. तुजी जीभ खोटं नाय बोलणार."

सगळे थांबले. शेठसुद्धा पुढे सरकला. मी पेला तोंडाला लावला. मनात म्हटलं, आता मला सगळं माहीत आहे, आता तरी लागेल. सावकाश घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पाणी गोडं लागलं. थंड आणि गोडं, काकीच्या घरी जेवताना प्यायचो तसंच. आणखी एक घोट घेतला. गोडंच. खांबांवर मीठ फुलून आलंय, नळीतलं पाणी पांढरं झालेलं डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझी जीभ ढिम्म हलत नव्हती. असा संताप आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर?

मी म्हटलं, "खारा हाय."

मी पुन्हा म्हटलं, "काकी, खारा हाय. पोरांच्या डोक्यावर पडंल."

ती माझ्याकडे बघत राहिली. आईच्या बरोबरीने तिनेही मला वाढवलं होतं, मी खोटं बोललो की तिला कळायचं, आणि तेव्हाही कळलं असणार. तिने माझ्या हातातून पेला घेतला, उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि गावाकडे वळून म्हणाली, "फोडा खांब. तो बोलतो तर फोडा." मग तो म्हातारा "फोडा तर फोडा" असं पुटपुटला, ज्याला त्याला आपापली नातवंडं आठवली, आणि सभा उठली. शेठने मला काढलं नाही. गावासमोर शब्द दिला होता आणि तिथे पुढचंही काम त्याला हवं होतं. पण त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

खांब फोडायला पाच दिवस लागले. नवं काँक्रीट असलं तरी पहारीला दाद देत नव्हतं, इतकं भक्कम आम्ही भरलं होतं. निडीची टोळीच घण मारत होती. मावशी बाजूला उभी राहून बघत होती, मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. अलिबागचा कागद आला तो खांब फोडून झाल्यावर. पाणी बांधकामाला चालणार नाही, असं त्यात वाचून शेठने तो माझ्याकडे फेकला. मी तो रजिस्टरात डकवला.

नव्या खांबांसाठी टँकर आणायचं ठरलं. काँक्रीट कालवायला, आणि मग पंधरा दिवस खांबांवर मारायला. शेठने रामवाडीहून टँकर धाडला तो शिव्या घालतच, आणि निरोप दिला की चार दिवसांनी दुसरा, त्याआधी थेंब मिळणार नाही. पाऊस सहा आठवड्यांवर आला होता. मी मनात सगळं बसवलं होतं, किती पाणी कामाला, किती मारायला, पिंपं कुठे ठेवायची. हेच तर सुपरिंटेंडेंटचं काम. टँकर साइटवर लागला आणि पाहतो तर गावातल्या बायका हंडे घेऊन बांधावरून येतायत. एकामागे एक, चाळीसेक असतील. मीच सांगितलं होतं ना त्यांना, तळ्याचं पाणी खारं आहे म्हणून.

सगळ्यांत पुढे काकी होती. तिने हंडा टँकरच्या नळाखाली धरला आणि म्हणाली, "एकच हंडा दे रं. धाकट्या नातवाचं पोट दोन दिस झाले चालतंय. गोडा पाजून बगते."

एका हंड्याने काही बिघडलं नसतं. पण तिला दिला असता तर तिच्या मागे उभ्या सगळ्या गावाला नाही म्हणायला मला तोंड उरलं नसतं. मी नळावर हात ठेवला.

"काकी, हा पानी कामाचा हाय," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. हंडा कमरेवर घेतला, मागच्या बायकांना वाट करायला सांगितली, आणि तळ्याकडे गेली.